सर्व ऋतूंत रोज चालवायची स्पोर्ट्स कार : शक्ती, पकड आणि चालकाचा निर्णय

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
१. इंजिनाची शक्ती आणि रस्त्यावर प्रत्यक्ष वापरता येणारी शक्ती यांतील फरक आकड्यांत मांडणे.
२. कोरडा, ओला आणि बर्फाचा रस्ता यांवरील थांबण्याचे अंतर काढणे.
३. वळणात पाय एकदम उचलल्यावर गाडीची मागची बाजू का घसरते, ते बलांच्या साहाय्याने स्पष्ट करणे.
४. चारचाकी चालना आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काय करू शकतात व काय करू शकत नाहीत, ते सांगणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, पदवीच्या पहिल्या वर्षात आपण घर्षणाचा नियम शिकतो. घर्षणबल हे घर्षणगुणांक आणि लंबबल यांच्या गुणाकारापेक्षा जास्त होऊ शकत नाही. परीक्षेत तो एका ओळीत लिहून आपण पुढे जातो. ही एक ओळ किती कडक आहे, हे पाहण्यासाठी आपण एक उदाहरण घेऊ : जास्त शक्तीची स्पोर्ट्स कार, आणि तीही फक्त उन्हाळ्यातल्या रविवारी नव्हे, तर वर्षभर, पावसात आणि बर्फात, रोज कामावर जाण्यासाठी वापरली जाणारी.

यासाठी पोर्शे ९११ ही गाडी सोयीची आहे. १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली आणि १९६४ पासून जर्मनीतील श्टुटगार्ट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. मागे दोन छोट्या जागा, पुढे सामानाची पेटी आणि बाहेर चांगले दिसेल अशा काचा यांमुळे अनेक मालक ती रोजच्या कामाला वापरतात. श्टुटगार्टमध्ये हिवाळा खरा असतो, आणि आल्प्स पर्वत काही तासांच्या अंतरावर आहे. त्यामुळे आपला प्रश्न तिथे रोज रस्त्यावर सोडवला जातो.

कल्पना करा : नोव्हेंबरची सकाळ, तापमान ३ अंश सेल्सिअस, रस्ता ओला आणि त्यावर गळलेली पाने. शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या आहेत. एक ४५० अश्वशक्तीची, दुसरी ७० अश्वशक्तीची. आज कोणती चालवायला अवघड, आणि का? उत्तर देण्याआधी हिशेब करू.

२. रस्ता किती शक्ती घेतो?

२०१९ च्या ९११ कॅरेरा एस या गाडीची शक्ती ४५० अश्वशक्ती, म्हणजे ३३१ किलोवॅट आहे. चालकासह वस्तुमान १६०० किलो धरू आणि त्यातील ६० टक्के भार मागच्या चाकांवर आहे असे मानू. मागच्या चाकांवरील लंबबल होईल ९६० × ९.८ = ९४०८ न्यूटन. वजनाचे स्थलांतर, हवेचा रोध आणि गिअरमधील तूट आपण तूर्तास बाजूला ठेवतो.

घर्षणगुणांक टायर व रस्त्यानुसार बदलतो. आपण ढोबळ मूल्ये घेऊ : कोरडा डांबरी रस्ता ०.९, ओला रस्ता ०.५, दाबलेला बर्फ ०.२, गुळगुळीत गोठलेला बर्फ ०.१.

शक्ती = बल × वेग. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असताना मागच्या चाकांना जास्तीत जास्त किती शक्ती रस्त्यावर उतरवता येईल?

• कोरडा रस्ता : ०.९ × ९४०८ × १० = सुमारे ८५ किलोवॅट
• ओला रस्ता : ०.५ × ९४०८ × १० = सुमारे ४७ किलोवॅट
• दाबलेला बर्फ : ०.२ × ९४०८ × १० = सुमारे १९ किलोवॅट

इंजिनाकडे ३३१ किलोवॅट आहेत. बर्फावर त्यातले १९ वापरता येतात, म्हणजे अठरावा हिस्सा. उरलेली शक्ती मागितली, तर गाडी जास्त वेगाने पुढे जात नाही. चाके जागेवर गरगरतात.

आता लहान गाडी पाहू. वस्तुमान १००० किलो, पुढच्या चाकांना चालना, पुढे ६० टक्के भार, शक्ती ७० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ५१ किलोवॅट. बर्फावर तिला ०.२ × ५८८० × १० = सुमारे १२ किलोवॅट वापरता येतात. हा तिच्या शक्तीचा चौथा हिस्सा आहे.

दोन्ही गाड्यांची सुरक्षित मर्यादा गाठायला चालकाच्या पायाला किती जागा मिळते ते बघा. लहान गाडीत अॅक्सिलरेटरच्या पूर्ण मागणीपैकी साधारण पाव भाग वापरता येतो. मोठ्या गाडीत अठरावा भाग. जाड बुटात, थंडीने आखडलेल्या पायाने इतकी बारीक मात्रा देणे कठीण. म्हणजे जास्त शक्तीची गाडी मुळातच वाईट असते असे नाही. तिच्या पेडलची मात्रा या रस्त्यासाठी फार मोठ्या मापाची असते. मीठ घालायला चमच्याऐवजी पळी हातात दिल्यासारखे हे आहे.

म्हणूनच अनुभवी चालक बर्फावर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलवतात. वरच्या गिअरमध्ये त्याच पेडलला चाकांवर कमी टॉर्क येतो. मात्रा लहान होते.

३. थांबण्याचे अंतर

ब्रेक लावताना चारही चाके काम करतात, त्यामुळे त्वरणऋण घर्षणगुणांक × ९.८ इतके मिळते. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणगुणांक × ९.८). या सूत्रात वस्तुमान नाही आणि इंजिनाची शक्तीही नाही, हे आधी लक्षात घ्या.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. त्यावरून :

• कोरडा रस्ता : २८ मीटर
• ओला रस्ता : ५० मीटर
• दाबलेला बर्फ : १२६ मीटर
• गोठलेला बर्फ : २५२ मीटर

यात चालकाला प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या एका सेकंदाचे २२ मीटर मिळवायचे आहेत. फ्रान्समध्ये महामार्गावर कोरड्या हवेत ताशी १३० ची मर्यादा पावसात ११० होते. जर्मनीच्या महामार्गांवरही फक्त रस्ता ओला असतानाच लागू होणाऱ्या मर्यादांचे फलक दिसतात. त्यामागचे गणित हेच आहे.

४. पाणी, रुंद टायर आणि तरंगणारी गाडी

ओल्या रस्त्यावर टायरला दोन कामे करावी लागतात : आधी पाणी बाजूला सारायचे, मग रस्ता पकडायचा. पाणी वेळेत बाजूला झाले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर चढतो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी घर्षणगुणांक जवळजवळ शून्यावर येतो, स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेकचा उपयोग राहत नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. त्यातून आलेला ढोबळ नियम असा : तरंगण्याचा वेग (किलोमीटर प्रतितास) = ६.३५ × टायरमधील दाबाचे (किलोपास्कल) वर्गमूळ. गुळगुळीत किंवा झिजलेला टायर आणि पुरेसे साचलेले पाणी यांसाठी तो लागू पडतो. दाब २२५ किलोपास्कल असेल, तर वर्गमूळ १५ आणि वेग सुमारे ९५. दाब १६९ पर्यंत उतरला, तर वर्गमूळ १३ आणि वेग सुमारे ८३. हवा तपासण्याचा आळस केला तर ताशी बारा किलोमीटरची सुरक्षितता अशी हातची जाते.

स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असतात. कॅरेरा एसचे मागचे टायर ३०५ मिलिमीटरचे आहेत. रुंद टायर जास्त जागा व्यापतो असा समज असतो, पण स्पर्शक्षेत्र मुख्यतः भार भागिले दाब इतके असते. एका मागच्या चाकावर ४७०४ न्यूटन भार आणि २२५ किलोपास्कल दाब धरला, तर क्षेत्र सुमारे २१० चौरस सेंटिमीटर येते. त्याची रुंदी २८ सेंटिमीटर असेल, तर लांबी फक्त ७.५ सेंटिमीटर उरते. तोच भार १८ सेंटिमीटर रुंदीच्या टायरवर असता, तर लांबी ११.७ सेंटिमीटर झाली असती. ताशी ९० च्या वेगाला रुंद टायरला पाणी सारायला ३ मिलिसेकंद मिळतात, अरुंद टायरला ४.७. शिवाय रुंद टायरखालच्या पाण्याला कडेपर्यंत जास्त अंतर कापावे लागते. कोरड्या रस्त्यावरचा गुण पावसात दोष होतो तो असा.

पाणी वाहून नेणाऱ्या खाचांची खोलीही महत्त्वाची. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. जर्मनीत कायदेशीर किमान मर्यादा १.६ आहे. १.६ मिलिमीटरचा टायर कायद्याने चालतो, पण मुसळधार पावसात तो वरील सूत्राच्या फार जवळ गेलेला असतो.

५. थंडीत रबर

टायरचे रबर तापमानानुसार बदलते. उन्हाळी टायरचे, विशेषतः स्पोर्ट्स कारसाठी बनवलेल्या टायरचे रबर उबदार रस्त्यावर चिकटून धरेल असे बनवलेले असते. थंडीत ते कडक होते आणि रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरू शकत नाही. साधारण ७ अंशांखाली हिवाळी टायर घालावेत, असा युरोपात ठोकताळा आहे. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात.

जर्मनीत २०१० पासून बर्फाळ किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची खाच किमान ४ मिलिमीटर असावी लागते. ९११ रोज वापरणारा मालक टायरचे दोन संच बाळगतो. गॅरेजमध्ये ठेवलेला हा दुसरा संच इंजिनातल्या शंभर अश्वशक्तींपेक्षा जास्त उपयोगाचा आहे, कारण मागच्या सर्व सूत्रांत घर्षणगुणांक आहे आणि तो बदलण्याचे साधन टायरच आहे.

एक सूचना : गोठणबिंदूच्या अगदी जवळचा बर्फ फार थंड बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यामुळे उणे पंधरा अंशांपेक्षा शून्य अंशांची सकाळ फसवी.

६. वळण आणि उचललेला पाय

टायर पुढे ढकलू शकतो, बाजूला धरूही शकतो, पण दोन्हींची बेरीज एकाच मर्यादेत बसते. दोन बलांच्या वर्गांची बेरीज ही मर्यादेच्या वर्गापेक्षा जास्त होत नाही. याला घर्षणवर्तुळ म्हणतात. वळणात पकडीपैकी ८० टक्के बाजूच्या बलासाठी खर्च होत असेल, तर चालनेसाठी ६० टक्के उरतात (०.८ चा वर्ग अधिक ०.६ चा वर्ग = १). १०० टक्के वळणात गेले असतील, तर चालनेसाठी काहीच उरत नाही.

आता वजनाचे स्थलांतर जोडू. गाडी मंदावते तेव्हा भार मागून पुढे जातो : वस्तुमान × त्वरणऋण × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन आसांमधील अंतर. १६०० किलो, ३ मीटर प्रतिसेकंदवर्ग, उंची ०.४६ मीटर, अंतर २.४५ मीटर घेतले, तर सुमारे ९०० न्यूटन मागून पुढे जातात. मागच्या चाकांची जवळजवळ दहा टक्के पकड गेली. वळणात मागची चाके आधीच मर्यादेवर असतील, तर घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलणे एवढेच मागची बाजू बाहेर घसरायला पुरते. चालकाची सहज प्रतिक्रियाच इथे त्याच्या विरुद्ध जाते.

मागे इंजिन असलेल्या गाडीत हे जास्त जाणवते, कारण वजनदार वस्तू गुरुत्वमध्यापासून दूर असल्याने जडत्व आघूर्ण मोठे असते. गाडी फिरायला लागली की ती थांबवणे कठीण. कंपनीने सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या मागे लोखंडी वजने बसवली होती. १९६९ च्या मॉडेलपासून दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवून भार अधिक समतोल केला.

१९७५ मध्ये आलेल्या ९११ टर्बोने अडचण वाढवली. २६० अश्वशक्ती, फक्त मागच्या चाकांना चालना, आणि टर्बोचा दाब उशिरा येणारा. चालक वळणात पाय दाबतो, काही होत नाही, म्हणून आणखी दाबतो; मग शक्ती एकदम येते, नेमकी तेव्हा जेव्हा घर्षणवर्तुळात जागा उरलेली नसते. तिला विधवा करणारी गाडी असे टोपणनाव मिळाले, ते यामुळे.

७. मागे इंजिन असण्याचा फायदा

दोषाची दुसरी बाजूही पाहू. बर्फाने झाकलेला १० टक्के चढ आहे. १६०० किलोच्या गाडीला खाली ओढणारे बल सुमारे १५६८ न्यूटन.

• पुढे इंजिन, मागे चालना, मागच्या चाकांवर ५० टक्के भार : पकड ०.२ × ७८४० = १५६८ न्यूटन. गाडी जेमतेम मर्यादेवर, म्हणजे अडकलीच.
• ९११, मागे ६० टक्के भार : पकड १८८२ न्यूटन. सुमारे ३१४ न्यूटन शिल्लक, गाडी चढते.
• चारचाकी चालना : पकड ३१३६ न्यूटन. आरामात चढते.

१९६८ मध्ये विक एलफर्ड यांनी, तर १९६९ आणि १९७० मध्ये ब्यॉर्न वाल्डेगोर्ड यांनी ९११ मधून हिवाळी डोंगररस्त्यांवरची माँटे कार्लो रॅली जिंकली. चालना देणाऱ्या चाकांवर वजन असणे हे त्यामागचे एक कारण.

८. यंत्रणा कुठे मदत करते, कुठे नाही

१९८९ च्या कॅरेरा ४ मध्ये चारही चाकांना चालना आली. नेहमीच्या स्थितीत टॉर्क पुढे ३१ आणि मागे ६९ टक्के असा विभागला जाई. पुढे स्थिरता राखणारी यंत्रणा आली, जी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून घसरणारी गाडी सरळ करते. २०१९ च्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनिसंवेदक आहेत. उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून ते रस्ता ओला असल्याचे ओळखतात आणि चालकाला वेट मोड सुचवतात. तो निवडला की पेडलचा प्रतिसाद सौम्य होतो आणि स्थिरतेची यंत्रणा लवकर हस्तक्षेप करते. विभाग २ मधली पळी पुन्हा चमचा होते. पण मोड निवडायचे बटण चालकानेच दाबायचे असते.

आता या घटकातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दाबलेल्या बर्फावर चारचाकी चालनेची गाडी १.९६ मीटर प्रतिसेकंदवर्ग इतके त्वरण घेऊ शकते. ताशी ८० गाठायला तिला सुमारे ११ सेकंद लागतील. मागच्या दोन चाकांच्या ९११ ला सुमारे १९ सेकंद, आणि वाटेत चाके गरगरून ती चालकाला सांगत राहील की रस्ता निसरडा आहे. थांबायला मात्र दोघींनाही १२६ मीटर लागतात. चारचाकी चालनेने वेग घेणे सोपे झाले, थांबणे तसूभरही सोपे झाले नाही; उलट, धोक्याची सूचना नाहीशी झाली. गाडी सहज पळते आहे म्हणून रस्ता चांगला आहे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. या एका चुकीच्या अनुमानापायी माणसे जीव गमावतात.

कोणतीही यंत्रणा घर्षणगुणांक वाढवत नाही. उपलब्ध पकड ती अधिक चांगली वाटते, एवढेच.

९. रोजच्या वापराची शिस्त

• दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, हवेचा दाब तपासणे. तापमान उतरले की दाबही उतरतो.
• इंजिनाचे तेल गरम होईपर्यंत जास्त फेरे न घेणे. थंड तेल घट्ट असते आणि सांध्यांपर्यंत उशिरा पोहोचते.
• पावसात लांब सरळ रस्त्यावर मधूनमधून ब्रेक हलकेच लावणे, म्हणजे डिस्कवरचे पाणी पुसले जाते.
• बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीच्या तळाला लागते. ते वरचेवर धुणे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ च्या सांगाड्याला जस्ताचा लेप दिला जातो, तो याच गंजापासून बचावासाठी.
• स्टिअरिंग, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर या तिन्हींचा वापर संथ ठेवणे. वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करून घेणे.

१०. सारांश

शक्ती इंजिनात निर्माण होते, पण ती किती वापरायची ते टायर आणि रस्ता ठरवतात. निसरड्या रस्त्यावर जास्त शक्तीच्या गाडीचा चालक लहान हिश्श्याशी खेळत असतो, म्हणून त्याला मात्रा सांभाळावी लागते. थांबण्याच्या अंतरात शक्ती, किंमत किंवा चालना यांपैकी काहीही येत नाही. येतात ते वेग आणि घर्षणगुणांक. घर्षणगुणांक टायर निवडून थोडा सुधारता येतो. वेग पूर्णपणे चालकाच्या हातात असतो.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाती ९११ नसेल, पण मोटारसायकल किंवा स्कूटर असेल. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा राप होतो, तेव्हा तुमच्या दोन टायरना हेच समीकरण लागू पडते, आणि तुमच्याभोवती पत्राही नसतो.

स्वाध्याय

१. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीचे थांबण्याचे अंतर घर्षणगुणांक ०.८ आणि ०.५ साठी काढा. एक सेकंदाचे प्रतिसाद-अंतर मिळवा. वेग ४० केला तर किती फरक पडतो?
२. तुमच्या वाहनाच्या टायरमधील दाब पाहून हॉर्न यांच्या नियमाने तरंगण्याचा वेग काढा. दुचाकीचा टायर गोलाकार असल्याने हा नियम तिला जसाच्या तसा का लागू होत नाही, याची चर्चा करा.
३. वळणात बाजूच्या बलासाठी ६० टक्के पकड खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी किती टक्के उरते?
४. कोरड्या रस्त्यावर ३३१ किलोवॅट पूर्ण वापरता येतील असा किमान वेग विभाग २ मधील गृहीतकांनी काढा. ओल्या रस्त्यासाठी तोच वेग काढा आणि दोन्ही उत्तरे महामार्गावरील वेगमर्यादेशी ताडून पाहा. (उत्तर : सुमारे १४१ आणि २५३ किलोमीटर प्रतितास.)